लांब दोर

"अरे, पाटावर मांडी घालून बसतां येत नाहीं तुला, आणि पाण्यावर उभा राहावयास निघालास? साठी बुद्धि नाठी म्हणतात ती हीच!"

हे उद्गार आमच्या दादांचे. दादा पुण्यास असतात आणि आम्ही अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत. दर रविवारीं फोनच्या पडद्यावर उभय घरांची गांठ पडते. इकडे आम्ही दोघेंच. तिकडे दादा, वहिनी, पुतणे, सुना आणि नातवंडें मिळून पडदा भरून जातो. २०२४ च्या मे महिन्यांत अशाच एका रविवारीं आम्हीं सहज बोलल्यासारखें करून सांगितलें कीं, उजव्या गुडघ्याचा सांधा बदलून सात महिने झाले. आतां उन्हाळा आला आहे. पुन्हा स्लॅलम सुरू करावें असें मनांत येतें. त्यावर दादांनीं हा अभिप्राय दिला. नातवंडें हंसलीं, वहिनींनीं तोंडाला पदर लावला. आमच्या शेजारीं बसलेली सौ. मात्र हंसली नाहीं. तिचें तें न हंसणें आम्हांस दादांच्या बोलण्यापेक्षां अधिक लागलें.

दादांच्या प्रश्नांत थट्टा होती तसें तथ्यही होतें. परंतु त्याचें उत्तर देण्यापूर्वीं हा खेळ आहे तरी कसा, हें वाचकांस सांगितलें पाहिजे.

मोटारबोटीला दोर बांधावयाचा, त्याची मूठ दोन्ही हातांनीं धरावयाची, आणि पायांतील फळ्यांवर उभें राहून पाण्यावरून घसरत जावयाचें, याचें नांव वॉटर स्कीइंग. याचा जन्म आमच्या घरापासून मोटारीनें दीड तासाच्या वाटेवर झाला, याचा आम्हांस उगाच अभिमान वाटतो. मिसिसिपी नदी मिनेसोटा व विस्कॉन्सिन या राज्यांच्या सीमेवर एके ठिकाणीं रुंदावून सरोवरासारखी झाली आहे. त्यास लेक पेपिन म्हणतात. तेथील लेक सिटी गांवच्या राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलाच्या मनांत १९२२ सालीं आलें कीं, बर्फावर घसरतां येतें तर पाण्यावर कां येऊं नये? त्यानें आधीं पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की बांधून पाहिल्या. दोन्ही वेळां तो पाण्यांत गेला. शेवटीं आठ फूट लांब व नऊ इंच रुंद अशा दोन लांकडी फळ्या घेऊन त्यानें त्यांचीं टोंकें आईच्या तांब्याच्या भांड्यांत उकळून मऊ केलीं आणि वर वळविलीं. (त्या माउलीस आमचा नमस्कार!) भाऊ बेन बोट चालवी आणि हा बुडे, असा क्रम कांहीं दिवस चालला. अखेर २ जुलै रोजीं त्यानें अंग मागें रेललें, फळ्यांचीं टोंकें पाण्याबाहेर ठेविलीं, आणि तो उभा राहिला. या शोधाचें पेटंट त्यानें घेतलें नाहीं. वॉटर स्कीचें पेटंट १९२५ सालीं फ्रेड वॉलर या दुसऱ्याच गृहस्थांनीं मिळविलें.

स्लॅलम ही या खेळाची अवघड शाखा. हींत दोन फळ्यांऐवजीं एकच फळी. तिच्यावर दोन्ही पाय एकामागें एक. बोट मधून सरळ रेषेनें जाते. आपण मात्र नागमोडी जाऊन दोन्ही बाजूंच्या सहा बोयांना बाहेरून वळसे घालावयाचे. सारा मार्ग २५९ मीटरांचा, आणि प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर दूर. बोट ताशीं ५५ किलोमीटर वेगानें गेली तर सतरा सेकंदांत खेळ आटोपतो. एका बोयाकडून दुसऱ्याकडे जावयास तीन सेकंदही मिळत नाहींत. बोटीमागें लाटांचे जे वरंबे उठतात ते ओलांडतांना आपला वेग बोटीच्या वेगाहून कितीतरी अधिक असतो.

सहाही बोये साधले कीं बोटीचा वेग एक पायरी वाढवितात. वेगाची ठरलेली मर्यादा गांठली, कीं मग दोर आंखूड करीत जातात. दोराला रंगीत फांसे असतात. १८.२५ मीटरवर तांबडा, १६ वर नारिंगी, १४.२५ वर पिवळा, १३ वर हिरवा, याप्रमाणें इंद्रधनुष्यच तें! दोर ११.२५ मीटरांवर आला म्हणजे एक मौज होते. बोया साडेअकरा मीटर दूर, म्हणजे दोराच्या टोंकाच्याही पलीकडे. राहिलेलें अंतर आपल्या लांबविलेल्या हातानें आणि पाण्यावर कललेल्या अंगानें भरून काढावें लागतें. तेथपर्यंत जाणारे लोक निराळे. आम्ही वीस वर्षांच्या खटपटीनें पिवळ्या फांशापर्यंत पोंचलों होतों. परंतु त्या पिवळ्या फांशाचा आम्हांस जेवढा गर्व होता तेवढा विद्यापीठाच्या पदवीचाही कधीं नव्हता.

या गर्वापायीं घरांत काय काय चाले, तें आतां सांगावयास लाज वाटते. स्लॅलमची फळी आतां लांकडाची नसते. आंत हलका फेस व वरून कार्बनच्या तंतूंचें कवच असतें. तिची लांबी माणसाच्या वजनावरून व बोटीच्या वेगावरून ठरते. टांचेच्या बाजूस खालीं माशाच्या परासारखें अॅल्युमिनियमचें पातें असतें. तेंच वळणावर फळीला आवरून धरतें. हें पातें खोल कीं उथळ, पुढें कीं मागें, याचें मोजमाप इंचाच्या हजाराव्या भागांत करितात. सणाच्या दिवशीं सौ. पानें मांडीत असावी आणि आम्ही त्याच टेबलावर फळी पालथी घालून माप घेत असावें, असे प्रसंग एकदोन नव्हेत, अनेक झाले. दोष मात्र पात्यांत नसे. तो आमच्या मुठींत असे. दोर हातचा सुटूं द्यावयाचा नाहीं, हा आमचा बाणा. वळणावर उशीर झाला, दोर सैल पडला, कीं शहाणा मनुष्य मूठ सोडून देतो. कारण तो दोर पुन्हा ताणला जातांना जो हिसका बसतो तो भलता असतो. आम्ही मात्र धरून राहावयाचे. या बाण्यानें एकदां खांदा दुखावला, एकदां बरगडी. तरी बाणा सुटला नाहीं.

गुडघा मात्र हिसक्यानें गेला नाहीं, झिजेनें गेला. हाडांच्या टोंकांवर कूर्चेचा जो गुळगुळीत थर असतो तो उजव्या गुडघ्यांत पुरता नाहींसा झाला होता. रात्रीं झोंप येईना, जिना उतरवेना. २०२३ च्या आक्टोबरांत शस्त्रक्रिया झाली. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, गुडघा कापून काढून तेथें यंत्र बसवितात. तसें नव्हे. मांडीच्या व नडगीच्या हाडांचीं झिजलेलीं टोंकें तासून त्यांवर धातूचीं टोपणें बसवितात, आणि दोहोंमध्यें पॉलिएथिलीनची एक गादी ठेवितात. त्याच संध्याकाळीं परिचारिकेनें आम्हांस चौकटीच्या आधारानें उभें केलें. पुढचे तीन महिने बाहेर बर्फ आणि घरांत व्यायाम. पाय पुरता सरळ होणें व पुरता वांकणें, या दोन गोष्टींसाठीं माणसाला डोळ्यांत पाणी आणावें लागतें, हें आम्हांस साठीनंतर कळलें. ज्या दिवशीं एका जागीं उभ्या असलेल्या सायकलचें पायडल पहिल्यानें पुरतें फिरलें, त्या दिवशीं घरांत साजुक तुपाचा शिरा झाला. पाटावर मांडी घालून बसणें मात्र गेलें तें गेलें.

जून महिन्यांत आम्हीं डॉक्टरांना विचारलें. ते म्हणाले, "मी जा म्हणत नाहीं, आणि जाऊं नका असेंही म्हणत नाहीं. नव्या माणसाला मी हा खेळ शिकूं दिला नसता. तुमच्या अंगाला तो ठाऊक आहे. परंतु आंतील गादी झिजते. पडण्याच्या धक्क्यानें धातूशेजारचें हाड मोडूं शकतें. आणि तें मोडलें तर दुरुस्ती पहिल्या शस्त्रक्रियेहून कठीण असते. मांडीचे स्नायू दोन्ही पायांत सारखे बळकट होऊं द्या, वेग कमी ठेवा, आणि शर्यत विसरा."

घरीं येऊन आम्हीं यांतील अनुकूल तेवढें मोठ्यानें सांगितलें. सौ.नें सारें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "अहो, आक्टोबरांत रात्रीं दोन दोन वेळां उठून तुम्हांला न्हाणीघरापर्यंत कोणीं नेलें? गुडघा तुमचा आहे हें खरें. पण तो बरा करण्यांत माझाही वांटा आहे. जाऊं नका असें मी म्हणणार नाहीं. पण बोटींत मी बसणार."

येथें सांगितलें पाहिजे कीं, स्कीवाल्याकडे सतत पाहणारा दुसरा मनुष्य बोटींत असावा, नाहींपेक्षां चालकापुढें रुंद आरसा असावा, असा मिनेसोटांत कायदा आहे. तीस वर्षें आमचे मित्र तें काम करीत. सौ. किनाऱ्यावर पुस्तक घेऊन बसे, आणि आम्ही पडलों म्हणजे पान उलटी. आतां ती समोर बसून पाहणार, हें ऐकून आम्हांस डॉक्टरांच्या बोलण्यानें वाटली नव्हती तेवढी भीति वाटली.

आगस्टांत आम्ही तळ्यावर गेलों. उपकरणांत एक फरक केला होता. पूर्वीं आमचे दोन्ही पाय घट्ट बुटांत असत. खोल पाण्यांतून उठतांना दोन्ही गुडघे छातीशीं घ्यावे लागतात. नव्या गुडघ्यास तें झेपणारें नव्हतें. आमचा डावा पाय पुढें असतो, उजवा मागें; म्हणून मागें बुटाऐवजीं नुसता पट्टा बसविला. त्यामुळें आरंभीं उजवा पाय मोकळा मागें सोडून पाण्यांतून उठतां येतें, आणि फळी वेग घेऊं लागली कीं तो पट्ट्यांत सरकवितां येतो. या व्यवस्थेंतही धोका नाहीं असें नाहीं. पडतांना एक पाय सुटला आणि दुसरा अडकला तर पीळ बसतो. परंतु दोन भयांतील लहान भय आम्हीं पत्करिलें. उठतांना घाईनें पाय ताठ करूं नयेत, हाही जुना नियम नव्यानें घोकला. ताठ पायावर दोराची ओढ बसली कीं मांडीमागचा स्नायू हाडापासून तुटण्याचा संभव असतो.

पहिल्या दिवशीं दोनदां बुडालों, तिसऱ्यांदा उठलों, आणि सरळ रेषेनें एक फेरी करून परत आलों. दुसऱ्या आठवड्यांत बोयांचा मार्ग घेतला. बोट ताशीं ४६ किलोमीटर, आणि दोर पुरता २३ मीटर. म्हणजे तांबड्या फांशाच्याही अलीकडे, जेथें रंगच नाहीं. जेथें नवशिके असतात तेथें आम्ही बासष्टाव्या वर्षीं पुन्हा जाऊन उभे राहिलों. शेजारच्या बोटींतील पोरें पाहत होतीं. तीं आमच्याकडे पाहत नव्हतीं हें आतां कळतें. त्या वेळीं कानशिलें तापलीं खरीं.

पहिले तीन बोये साधले. चौथ्यास उशीर झाला, आणि दोर सैल पडला. एवढ्या क्षणांत मनुष्य विचार करीत नाहीं असें म्हणतात. आम्हीं मात्र केला. समोर बोटींत सौ. होती. तिनें दोन्ही हातांनीं कठडा इतका घट्ट धरला होता कीं, दोर आमच्या हातांत आहे कीं तिच्या, असा भास झाला. आम्हीं मूठ सोडून दिली.

वेग ओसरला, आणि आम्ही हळूच पाण्यांत बसलों. पडलेल्यानें डोक्यावर हात करून "ठीक आहे" अशी खूण करावयाची असते. आम्ही गुडघा वांकवून पाहण्यांत गुंतलों, आणि खुणेस दोन श्वासांचा उशीर झाला. तेवढ्यांत बोट वळली होती. सौ. उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर जें दिसलें त्याचें वर्णन करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आम्हीं घाईनें दोन्ही हात वर केले. ती खालीं बसली. बोट जवळ आल्यावरही कांहीं बोलली नाहीं. घरीं परततांना अर्धी वाट झाल्यावर म्हणाली, "आज प्रथमच तुम्हीं आपण होऊन सोडलेंत."

त्या रविवारीं दादांना सारी हकीकत सांगितली. लपवावयाचें नाहीं असें ठरलेंच होतें. दादा आमच्याहून बारा वर्षांनीं वडील. वाईस कृष्णेच्या घाटावर आमच्या पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांनींच आम्हांस पोहावयास शिकविलें. पायरीवर उभे राहून ते म्हणत, "दमलास कीं हात वर कर, मी उडी घेतों." एरवीं एक अक्षरही बोलत नसत. आतां त्यांचेही गुडघे धरले आहेत. ते सज्जांतील खुर्चीवर बसून असतात. त्यांनीं फळीविषयीं विचारलें नाहीं, बोयांविषयीं विचारलें नाहीं.

"हात लगेच वर केलास ना?" एवढेंच त्यांनीं विचारलें.

"थोडा उशीर झाला," आम्हीं खरें तें सांगितलें.

"मग पुढच्या खेपेस करूं नकोस. वर पाहणाराला तेवढा वेळ फार असतो."

असो. त्या मोसमांत आम्ही तांबड्या फांशापर्यंत आलों, आणि तेथेंच राहिलों. आमच्या दोराला पिवळा फांसा अजून आहे. गुंडाळतांना तो हातीं लागतो, आणि क्षणभर थांबून आम्ही पुढें गुंडाळूं लागतों. बोट निघण्यापूर्वीं सौ. विचारते, "दोर लांब आहे ना?" आम्ही म्हणतों, "आहे." मग ती बोटवाल्यास खूण करिते.