पुन्हा म्हणा

पुनरुक्ती हा काव्यातील दोष होय, असे आम्हांस बालपणी शिकविण्यात आले आणि पुढे शिक्षक झाल्यावर आम्हीही तो धडा इमानेइतबारे शिकविला. मुलांनी रचलेल्या कवितेत एखादी ओळ दुसऱ्यांदा दिसली, की आमची तांबडी शाई तिच्यावरून फिरलीच म्हणून समजावे. त्यात आमची केवढी चूक होत होती, हे पेणजवळच्या रामवाडीतील आमच्या घरी ५ वर्षांच्या नातीने आम्हांस दाखवून दिले.

तिची आई कामानिमित्त काही दिवस मुंबईस राहिली होती; तेव्हा नातीस निजविण्याचे काम आमच्याकडे आले. चिमणी-कावळ्याची जुनी गोष्ट आम्ही पद्यात जुळवून म्हणत असू. पावसात घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो. चिमणी कधी बाळास न्हाऊ घालीत असते, कधी काजळ लावीत असते, कधी त्यास निजवीत असते. एके रात्री पेंग अनावर झाल्यामुळे आम्ही मधल्या दोन हाका गाळल्या व कावळ्यास एकदम घरात घेतले. नात ताडकन उठून बसली.

"आजोबा, असं नाही! त्यानं अजून हाक कुठं मारली? पुन्हा म्हणा."

आम्ही पुन्हा म्हटले. पण आमची झोप उडाली ती उडालीच. गोष्टीचा शेवट तिला ठाऊक होता; मग तिला हवे होते तरी काय? विचारांती ध्यानात आले की, हाक तीच राहते म्हणूनच चिमणीचे नवे उत्तर उठून दिसते. आणि पुढे काय येणार हे आधी ओळखून ते खरे ठरल्याचा आनंद मुलास लाभतो. प्रौढ वाचक पान मागे उलटू शकतो. वाचता न येणाऱ्या मुलास ती सोय पालुपदानेच करून द्यावी लागते.

आमच्या स्त्रियांस हे केव्हाच उमगले होते. भोंडल्यात पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन अशी गाणी वाढत जातात. ग. दि. माडगूळकरांनी 'देवबाप्पा' (१९५३) या चित्रपटासाठी लिहिलेल्या मोराच्या गाण्यातही ढग, सरी, तळे, इंद्रधनुष्य असे देखावे पालटतात; मोरास नाचण्याचा आग्रह तेवढा कायम राहतो.

अर्थात, केवळ छंद भरण्यासाठी ओळ दोनदा लिहिणाऱ्यास आम्ही अभय देतो असे नव्हे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत एकाच साच्यातून कितीतरी मूर्ती निघतात. पण डोळ्यांची आखणी हाताने होते, तेव्हाच मूर्ती आपल्याकडे पाहू लागते. पालुपदाचेही तसेच आहे. शब्द साच्यातले असले, तरी प्रत्येक खेपेस त्यांत नवी नजर उमटली पाहिजे. संस्कृत साहित्यशास्त्राने पुनरुक्तीस दोष म्हटले खरे. परंतु तोच शब्द निराळ्या तात्पर्याने आला, तर त्यास लाटानुप्रास हा अलंकारही मानले. आम्ही त्यातला अर्धाच भाग शिकविला!

त्या रात्री नातीने ती गोष्ट ३ वेळा म्हणवून घेतली. तिसऱ्या खेपेस दार उघडले, तेव्हा अंधारात तिने हळूच विचारले, "आई उद्या येणार ना?"

कितीही हाका माराव्या लागल्या तरी दार अखेर उघडते, याची खात्री ते पोर करून घेत होते. आम्ही मात्र मधल्या हाकाच गाळल्या होत्या. तांबड्या रेघांच्या त्या वह्या आता कोठे असतील, कोण जाणे.