ओवळें वर्तमानपत्र

सोवळ्या-ओवळ्याचे नियम घरांतील वडीलधाऱ्या बायकांनीं ठरवावेत, अशी आपल्याकडील जुनी रीत. पण 18 एप्रिल 2020 रोजीं खुद्द महाराष्ट्र सरकारनेंच वर्तमानपत्राला ओवळें ठरविलें! कोरोनाच्या सांथींत छापखाने चालविण्यास मुभा होती. अंक घरोघर टाकण्यास मात्र मनाई. परभणीच्या आमच्या घरांत दूध येत होतें, भाजी येत होती. मग कागदानेंच असें काय पाप केलें होतें? सुनांनीं काकांना मोबाईलवर अंक उघडून दिला. "हातांत धरल्यावांचून बातमी खरी वाटत नाहीं," म्हणून त्यांनीं तो परत केला.

भीति अगदींच निराधार होती असें माझें म्हणणें नाहीं. विषाणु पृष्ठभागांवर कांहीं काळ टिकतो, हें प्रयोगांत दिसलें होतें. रोग मुख्यतः श्वासावाटे पसरतो, हें पुढें स्पष्ट झालें. पण ज्या कायद्यांच्या आधारें असे हुकूम सुटत, त्यांतील एक 1897 चा, प्लेगच्या दिवसांतला! पुण्यांत घरोघर शिरलेल्या सोजिरांच्या गोष्टी आपण आजोबांकडून ऐकल्या आहेत.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें (परभणी त्याच्याच कक्षेंत) आपण होऊन दखल घेतली. 21 एप्रिलला हुकूम बदलला आणि मुंबई-पुण्याबाहेर मुखपट्टी लावून अंक टाकण्यास परवानगी मिळाली.

परंतु सरकारनेंच एकदां घातलेली शंका लोकांच्या मनांतून जाईना. आमच्या आळींतील बऱ्याच घरांनीं अंक पुन्हां सुरू केलाच नाहीं. तो टाकणारा मुलगा त्या कमिशनवर कॉलेजची फी भरीत असे. दिवाळीच्या सुमारास तो किराणा दुकानांत पुड्या बांधतांना दिसला.