बाकड्यावरचा ताल

१ जुलै, अ‍ॅमस्टरडॅम
आज केटी कोटी, म्हणजे स्रानान भाषेत 'साखळ्या तुटल्या'. १८६३ साली याच दिवशी सुरिनाम या तेव्हाच्या डच वसाहतीतली गुलामी कायद्याने संपली. मळ्यांवरची सक्तीची मजुरी मात्र आणखी दहा वर्षे सुटली नाही. ओस्टरपार्कात दुपारभर कावीना ऐकत बसलो. एकजण गातो, बाकीचे झील धरतात, ढोल एकमेकांना छेद देत धावतात. माझे लक्ष क्वाक्वा-बांगीवरून हटेना. साधे लाकडी बाकडे ते, त्यावर दोन काठ्यांची अखंड टकटक. ढोल कितीही लांब भटकून आले तरी परतायची जागा तीच.

३ जुलै
रोनाल्ड स्नायडर्सची १९८१ ची 'ब्लॅक स्ट्रेट म्युझिक' ही तबकडी दोनदा लावली. पारामारिबोचा हा मुलगा १९७० साली डेल्फ्टला इंजिनिअरिंग शिकायला आला आणि फ्लूट वाजवत राहिला. वडील एडी स्नायडर्स संगीतकारच. सुरिनामी संगीतकारांच्या अशा फंक-डिस्कोला 'अमेरिकन फंकची नक्कल' म्हणणारे भेटतात. मला ते मुळीच मान्य नाही. बेस गिटार बाहेरची असेल, पण ठेका कुठे मोडायचा आणि कुठे सावरायचा हे कोमेवायने नदीकाठच्या मळ्यांनी शिकवलेले आहे. कावीनाला नाव मिळाले ते त्या नदीचेच. पुढे त्यात ब्रास बँडची पितळी वाद्ये आणि स्क्राची, म्हणजे झांज बसवलेला मोठा ढोल, मिसळून कासेको झाला. फंक आणि डिस्को आले ते या तयार अंगणात.

रात्री उशिरा
एक गोष्ट मनातून जात नाही. विंटी या आफ्रिकी-सुरिनामी धर्मातल्या, ढोलांच्या साथीने चालणाऱ्या पूजेला सुरिनाममध्ये १९७१ पर्यंत कायद्याने बंदी होती. डिस्को वाजवणारी पिढी त्या बंदीतच लहानाची मोठी झाली.

७ जुलै, द हेग
इथल्या हिंदुस्तानी वस्तीत बैठक गाना ऐकले. हार्मोनियम, ढोलक आणि लोखंडी धनताल. या हिंदुस्तानींचे पूर्वज १८७३ पासून भारतातून सुरिनामच्या मळ्यांवर आले, सक्तीच्या मजुरीतून सुटलेल्यांच्या जागी. यावर सवडीने लिहायला हवे.

९ जुलै
आज ऐकला फक्त सुरिनामी गायक लीव्ह ह्यूगो. कासेकोचा राजा म्हणतात त्याला, आणि ते खरे आहे. तो १५ नोव्हेंबर १९७५ रोजी गेला. सुरिनाम स्वतंत्र झाला २५ नोव्हेंबरला.