दाखल-खारीजचे पान

शाळेच्या इतिहासात दोन प्रकारची माणसे असतात. काहींचे नाव पाटीवर लागते, काहींच्या जिवावर शाळा चालते. पुण्याच्या गंज पेठेतला फुले वाडा, म्हणजे समताभूमी, पाहायला गेलो तेव्हा मी या दुसऱ्या माणसांना शोधत होतो.

सोबत भाची होती. पातूरला उर्दू माध्यमात शिकलेली, आता डी.एड. करते आहे. कौलारू वाडा, जोतीरावांची समाधी, भिंतींवर त्या दोघांच्या आयुष्यातल्या प्रसंगांची चित्रे. सगळे सावकाश पाहत होती.

मी तिला गफार बेग मुन्शींची गोष्ट सांगितली. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे, असे लोकांनी गोविंदरावांच्या मनात भरवले आणि जोतीरावांची शाळा सुटली. तेव्हा शेजारचे गफार बेग आणि लिजिटसाहेब या दोघांनी वडिलांची समजूत घातली. १८४१ मध्ये मुलगा स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा जाऊ लागला. त्याच मुलाने १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. १८४९ मध्ये घर सोडावे लागले, तेव्हा फुले दांपत्याला उस्मान शेख यांनी आसरा दिला, असे चरित्रे सांगतात.

"मामू, आणि फातिमाबी? त्यांचं काय उरलंय?" भाचीने विचारले.

प्रश्न साधा नाही. जानेवारी २०२५ मध्ये फातिमा शेख नावाची कुणी बाई झालीच नाही, असा दावा समाजमाध्यमांवर गाजला. तिचे चरित्र नाही, तिने लिहिलेले काही हाताशी नाही. पण सावित्रीबाईंच्या पत्रसंग्रहात १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र आहे. सावित्रीबाई आजारपणात माहेरी, नायगावला होत्या. तिथून त्या जोतीरावांना लिहितात, की माझ्या माघारी फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. पत्रात एवढाच उल्लेख. मला तो पुरतो. एकीच्या गैरहजेरीत दुसरीवर कामाचा भार पडतो, हे ज्याने शाळेत काम केले आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

कागदाची किंमत आमच्या घराला चांगली ठाऊक आहे. आम्ही पिंजारी. दादा पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव गाद्या भरत फिरायचे. वऱ्हाडात कापूस पिकायचा, त्यावर आमची चूल पेटायची. पिंजारी जात ओबीसींच्या यादीत आहे. पण पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. भाचीच्या आईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, दाखल्याच्या वेळी आम्ही दादांच्या जुन्या शाळेत गेलो. कपाटाच्या तळातून दाखल-खारीजचे रजिस्टर निघाले. पान फाटके, शाई उडालेली. दादांचे नाव सापडले! धर्म-जातीच्या रकान्यात मात्र एकच शब्द : मुसलमान.

कचेरीतले बाबू म्हणाले, "यात जात कुठं आहे?" रकाना भरणाऱ्या मास्तरांना पिंजारी, बागवान, तांबोळी, मोमीन असा फरक करायची गरज वाटली नसेल. त्यांच्या एका शब्दापायी दोन पिढ्यांनंतर बहिणीच्या चपला झिजल्या. शेवटी दादांच्या धाकट्या भावाच्या नोंदीत व्यवसाय 'पिंजारी' असा निघाला आणि काम झाले.

त्या पानावर मी आणखी एक गोष्ट पाहिली. वरपासून खालपर्यंत एकही मुलीचे नाव नव्हते. माझ्या दादीचे नाव कुठल्याच शाळेच्या कुठल्याच पानावर नाही. ती जगली, सात लेकरे वाढवली, कापसाचा हिशेब बोटांवर करायची. कागदाला विचाराल तर ती झालीच नाही.

म्हणून 'पुरावा कुठे आहे' असे कुणी फातिमाबीबद्दल विचारले की मला दादी आठवते. पुरावा मागावा, जरूर मागावा. इतिहास भावनेवर उभा राहत नाही. पण कोणाची नोंद ठेवली गेली आणि कोणाची नाही, हाही इतिहासच आहे, तोही विचारला पाहिजे.

आमच्या पातूरला डोंगरात लेणी आहेत, शेखबाबूंचा दर्गा आहे, रेणुकामातेचे देऊळ आहे. नगर परिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू आहे. तिच्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने भाषा म्हणजे धर्म नव्हे असे सांगून ती पाटी राहू दिली. पाटी वाचली, चांगले झाले. आता शाळांच्या कपाटातली रजिस्टरे वाचवायला हवीत. वाळवी मराठी शाळा आणि उर्दू शाळा असा भेद करत नाही. गावोगावच्या जुन्या दाखल-खारीजची छायाचित्रे काढून ठेवायला मोठी इमारत लागत नाही, एक मोबाइल आणि चार शिक्षक पुरतात.

परतीच्या गाडीत भाचीने वहीत काहीतरी लिहिले. मी डोकावलो. तिने आपल्या परनानीचे नाव लिहिले होते, पुढे अंदाजे जन्मसाल, आणि शिक्षणाच्या रकान्यात : 'शाळेत पाठवले नाही.'