घाट ओलांडताना

दिवाळीत माझी भाची रेडीला आली, तेव्हा सासूबाईंनी चहाआधीच विचारलं, "चेडवा, तू खराच विमान चालवतंस?"

बारामतीला ती वैमानिक व्हायला शिकतेय. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यासाठी ताईच्या पाटल्या गहाण पडल्यात. सप्टेंबरात ती सह्याद्रीकडच्या फेरीतून ढग पाहून अर्ध्यावरून परतली, तेव्हा भावजी चिडले, "पैसे फुकट गेले!" मुलगी घाबरली, अशी कुजबुज झाली. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं.

तिनं वाद घातला नाही. माजघरात गोधडीची लांब रास केली, टेबलफॅन लावला, उदबत्ती पेटवली. "मावशी, पंखा म्हणजे तुझा समुद्र, गोधडी म्हणजे सह्याद्री." अलीकडून धूर अलगद वर चढला. पलीकडे मात्र खाली कोसळून गिरक्या घेऊ लागला. "मी त्या पलीकडून येते."

मी अर्धवेळ शिक्षिका, फळ्यावर पर्जन्यछाया कितीदा काढली असेल! आंबोलीला झोडपून बारामतीला कोरडं ठेवणारा तोच वारा पूर्वेकडून येणाऱ्या छोट्या विमानाला खाली ओढतो, हे कधी मनातच आलं नाही. त्यात इंजिन बेताचं. जितकं उंच जावं तितकी हवा विरळ, चढ मंद. ऊन असलं की आणखीच.

म्हणून माथ्यापेक्षा निदान १००० फूट वर राहायचं, वारा जोराचा असला तर २०००. डोंगराला समोरून भिडायचं नाही, ४५ अंशांत तिरकं जायचं, म्हणजे चटकन वळता येतं. दरीत मधोमध न जाता एका कडेनं जायचं, वळायला सगळी रुंदी मिळते. आणि ढगानं माथा झाकला तर परतायचं. "परतायची जागा आधी ठरवतो, मग निघतो," ती म्हणाली. भावजींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याच रात्री फोन केला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या फेरीचे पैसे कधी भरायचेत?"

१९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फक्त महिला कर्मचारी असलेलं फोकर विमान नेलं होतं. तेव्हाही कुणीतरी पाटल्या मोजल्या असतील का, कोण जाणे.

आता सासूबाई सकाळी अंगणात पदर धरून उभ्या राहतात आणि मला हाक मारतात, "गो, आज वारो खयसून हा?"