चुकलेला बाण

गेल्या वर्षी एका शुक्रवारी रात्री मी टेस्ट डेटाबेसवर समजून एक डिलीट क्वेरी चालवली. समोरची विंडो लाइव्ह डेटाबेसची होती. शेवटचा बॅकअप पहाटेचा, त्यामुळे दिवसभराच्या ऑर्डर्स गेल्या.

सोमवारच्या मीटिंगमध्ये एक वाक्य ऐकलं, "तुझा स्वभावच धांदरट आहे." ते मी घरी घेऊन आले. दहावीत गणिताच्या पेपरचं शेवटचं पान उलटायचं राहून गेलं होतं, तेही त्यात जमा झालं. राजीनामा टाइप करून ठेवला.

त्याच आठवड्यात मैत्रिणीच्या नाटकाच्या ग्रुपसोबत सोफोक्लिसचं 'राजा ईडिपस' वाचत होते. तिथे 'हमार्शिया' हा शब्द पुन्हा भेटला. मला तो 'नायकाचा स्वभावदोष' एवढाच माहीत होता. म्हणून 'पोएटिक्स'चं तेरावं प्रकरण उघडलं. ॲरिस्टॉटल म्हणतो, शोकांतिकेचा नायक दुष्टपणामुळे कोसळत नाही, कुठल्याशा हमार्शियामुळे कोसळतो. या शब्दामागचं ग्रीक क्रियापद 'हमार्तानो'. 'इलियड'मध्ये फेकलेला भाला लक्ष्याला लागत नाही, तेव्हा होमर तेच वापरतो. पुढे नव्या करारात हमार्शियाचा अर्थ 'पाप' झाला.

मराठीत याला जवळचा शब्द आपण रोज वापरतो: चूक. नेम चुकतो, वाट चुकते, बस चुकते. यातलं काहीही माणसाचा स्वभाव नसतं. ईडिपस तापट होता हे खरं. पण तिठ्यावर आपण मारलेला म्हातारा आपलाच बाप होता, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तरी ईडिपस 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटत नाही. चुकलेला बाणही कुणाला तरी लागतोच. माझा लागला सपोर्ट टीममधल्या एका मुलीला. दोन रात्री तिने ग्राहकांच्या शिव्या ऐकल्या. तिच्या डेस्कपाशी जाऊन माफी मागायला मला पाच दिवस लागले, कारण तोवर मी स्वतःच्या स्वभावावरच रडत बसले होते.

मग घटनेचा अहवाल पुन्हा उघडला. 'मूळ कारण'समोर मी 'माझा निष्काळजीपणा' असं लिहिलं होतं. ते खोडून लिहिलं: दोन्ही विंडो सारख्याच दिसतात आणि डिलीट करण्याआधी दुसऱ्या कुणाची मंजुरी लागत नाही. खाली लिहिलं: क्वेरी मी चालवली.

आता लाइव्हची विंडो लाल असते. राजीनामा अजून ड्राफ्टमध्येच आहे.