पाहुण्यांचे घर आणि भागीदार

न्यू जर्सीतील वेस्ट विंडसर हे प्रिन्स्टनला लागून असलेले गाव. मे-अखेरीस तेथील विद्यापीठाचा पदवीदान समारंभ आला की मुलांचे आईबाप दुरून येतात. त्यांना चार दिवसांचा निवारा हवा असतो. अशा वेळी घरातील खोल्या भाड्याने द्याव्यात असे एखाद्या मराठी गृहस्थाच्या मनात आले, तर भांडवलाआधी प्रश्न येतो तो भागीदाराचा.

या धंद्यात एअरबीएनबीचे नाव आज जगभर झाले आहे. तिचे संस्थापक ब्रायन चेस्की व जो गेबिया हे कलाशाळेतील सहाध्यायी. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत घरभाडे परवडेना, म्हणून त्यांनी हवेच्या गाद्या अंथरून तीन पाहुणे ठेविले. संगणकाचा जाणकार असा तिसरा भागीदार, नेथन ब्लेचारझिक, हा गेबियाच्या पूर्वीच्या बिऱ्हाडातला सोबती होता. (खरकटी भांडी कोण घासतो, हे हिशेबाच्या वहीत कोठे दिसते?) पोर्ट लुईच्या घाटावर एका जहाजातून उतरलेल्यांनी एकमेकांस भाऊ मानिले, तेही सहवासामुळेच.

मात्र सहवासाने करार होत नाही. साध्या भागीदारीत धंद्याचे कर्ज फिटले नाही, तर प्रत्येक भागीदाराच्या खाजगी मालमत्तेवरही सावकार हक्क सांगू शकतो. म्हणून मेहुणा असो वा शेजारी, लेखी ठरवावे: गावचे नियम कोणी विचारावयाचे, चादरी कोणी धुवावयाच्या, मध्यरात्री नळ फुटल्यास कोणी धावावयाचे, २०१८ पासून न्यू जर्सीत अशा मुक्कामांवर कर बसला आहे, त्याचा हिशेब कोणी ठेवावयाचा. आणि भागीदारी मोडलीच, तर घर कोणाकडे राहील? आप्तांमध्ये हे कलम लिहिताना लेखणी अडखळते. तेच आधी लिहावे.